अनेकार्थ शब्द आणि सूत्राचे प्रकरण

एका शब्दाचे अनेक अर्थ असणे हा भाषेचा दोष नव्हे, तिचा स्वभाव आहे. तो न ओळखता अर्थ करणे, हा मात्र वाचकाचा दोष होय. ‘खडकी’ हेच नाव पाहावे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशवे व इंग्रज यांचे युद्ध झाले, ती खडकी पुण्यालगतची. मलिक अंबराने १६१० च्या सुमारास राजधानीसाठी निवडलेली खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. अक्षरे तीच, स्थळ निराळे. शास्त्रकार या ठिकाणी ‘सैंधव’ शब्दाचा दाखला देतात. भोजनसमयी त्याचा अर्थ मीठ, प्रयाणसमयी घोडा. अर्थाचा निर्णय करणाऱ्या या प्रसंगालाच ‘प्रकरण’ म्हणतात.

सूत्रपाठाच्या अभ्यासात प्रकरणाचे महत्त्व विशेष आहे. केशिराजबासांनी सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींची वचने निवडून सूत्ररूपाने एकत्र केली. वचन हाती आले. परंतु ते कोणाप्रत, कोठे व कोणत्या निमित्ताने निरूपिले, हे सूत्राच्या मोजक्या अक्षरांत मावले नाही. म्हणूनच पूर्वाचार्यांच्या परंपरेत ‘प्रकरणवश’ सिद्ध झाला आणि लक्षणस्थळ, विचारस्थळ, आचारस्थळ या ग्रंथांनी अर्थाचा विस्तार केला.

तथापि काही स्थळी एक अर्थ घेऊन दुसरा टाकता येत नाही. साधनवंताने महाराष्ट्रात असावे, कन्नड व तेलंग देशांस जाऊ नये, अशी आज्ञा आचार प्रकरणात आहे. येथे ‘महाराष्ट्र’ म्हणजे देश, हा पहिला अर्थ. पण परंपरेने या शब्दाचे निर्वचनही केले आहे : जो थोर व निर्दोष, जेथे राहिल्याने धर्म सिद्धीस जातो, तो महाराष्ट्र. निषेधाचे कारणही सांगितले आहे. ते देश विषयबहुल असून तेथे तपस्व्यांना मान मिळतो.

पुढे पंथ पंजाब व पेशावरपर्यंत पोहोचला. तेथील साधनवंतांकडून आज्ञाभंग झाला काय? केवळ पहिला अर्थ धरला तर होय म्हणावे लागेल. केवळ दुसरा धरला तर देशमर्यादा निरर्थक ठरेल. म्हणून देश हे आज्ञेचे शरीर आणि विषय व मान यांचा त्याग हा तिचा हेतू, असे दोन्ही अर्थ एकत्र धरणे उचित. मार्गाच्या कार्यासाठी दूर गेलेल्याने हेतू अधिक दक्षतेने राखावा. उलट, पुण्याच्या खडकीत राहणारा देशाने महाराष्ट्रातच आहे. पण तो मिष्टान्न, सत्कार आणि पूजा यांत रमला, तर त्याने निषिद्ध देशच गाठला.

यावरून अर्थनिर्णयाची एक कसोटी मिळते. अनेकार्थ शब्दाचा जो अर्थ आपले ओझे हलके करतो, तो पुन्हा प्रकरणाशी ताडून पाहावा. जो अर्थ आपला आचार कठीण करतो, त्याविषयी अशी शंका सहसा उरत नाही. शब्दाची संदिग्धता ज्ञात्याला विचारास प्रवृत्त करते. आळशाला ती पळवाट होते.