वीणेचा पहारा आणि पाण्याची पाळी

आम्हा बी.ए. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना ‘विकास’ हा शब्द अर्थशास्त्राच्या तासाला भेटतो आणि ‘संस्कृती’ मराठीच्या. शासनाच्या योजनांतही बहुधा असेच असते. विकास म्हणजे बंधारा, आणि संस्कृती म्हणजे त्याच्या उद्घाटनाला मुलींनी म्हटलेले स्वागतगीत! हा भेद आपल्या बीड जिल्ह्याला परवडणारा नाही, असे मला वाटते.

१९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाचा अर्थ सांगितला, तो असा की आजची गरज भागवताना पुढच्या पिढीच्या तोंडचा घास काढून घेऊ नये. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये सतरा उद्दिष्टे ठरविली. त्यांत संस्कृतीला स्वतंत्र जागा नाही. वारसा जपण्याची गोष्ट शहरांच्या उद्दिष्टात पोटकलम म्हणून येते.

आपल्याकडे संस्कृती म्हटले की खजाना विहीर दाखवतात. निजामशाहीतील जहागीरदार सलाबतखानाने १५८३ च्या सुमारास ती बांधविली. राजा भास्कर हा तिचा शिल्पकार. भुयारांतून येणारे तिचे पाणी उताराने शेतीला जाई. विहीर सुंदर आहेच. पण मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. उताराने वाहणारे पाणी वाटूनच घ्यावे लागते. वरच्याने पाट अडवला तर खालच्याचे पीक जाते. बोअरला हे बंधन नाही. ज्याची मोटर मोठी, त्याचे पाणी. वास्तू राहिली आणि वाटणीची सवय गेली, तर वारसा कशाला म्हणायचे?

बाली बेटावर भातशेतीचे पाणी ‘सुबक’ नावाच्या शेतकरी संस्था वाटतात, आणि कोणी केव्हा पेरायचे याचे वेळापत्रक जलमंदिरांत ठरते. १९७० नंतर हरितक्रांतीच्या धोरणात हे वेळापत्रक बाजूला सारून जास्तीत जास्त पिके घ्यायला सांगितले गेले. पाण्याची टंचाई झाली, किडींनी पिके खाल्ली. शिवार एकाच वेळी पडीक राहिले की किडीला खायला उरत नाही, हे गणित त्या मंदिराच्या रिवाजात होते. पुढे २०१२ मध्ये युनेस्कोने सुबक-पद्धतीला जागतिक वारसा ठरविले.

असे मंदिर आपल्याकडे नाही म्हणावे, तर आमच्या गावचा अखंड हरिनाम सप्ताह आठवतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, हा नियम. चोवीस तासांच्या पहाऱ्यांची यादी मारुतीच्या देवळाच्या भिंतीला लागते. रात्री दोनच्या पहाऱ्याला माणूस आला नाही, असे मी पाहिलेले नाही. भाकरी घरोघरच्या टोपल्यांतून येते, आमटी देवळापुढे एकाच कढईत शिजते. काल्याच्या दिवशी वर्गणीचा हिशेब वाचतात. पाच रुपयांचा फरक निघाला तरी म्हातारी माणसे उठून उभी राहतात. याच गावात पाण्याची समितीही आहे. तिला फलक आहे, शिक्का आहे. तिची बैठक झालेली मला आठवत नाही. माणसे मात्र तीच! महाराष्ट्राने २००५ साली सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देण्याचा कायदा केला. पण पाळीची शिस्त कायद्याने येत नाही. ती गावात कुठे आधीच जिवंत आहे, हे शोधावे लागते.

परंतु रूढ ते सारे चांगले, असे माझे म्हणणे नाही. पहाऱ्याच्या यादीत कोणत्या वस्तीची नावे नसतात, हेही मला ठाऊक आहे. १९२७ साली महाडच्या तळ्यावर डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, तो संस्कृतीच्या नावाने चाललेल्या पाणीबंदीविरुद्धच. म्हणून विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत मला मोठी वाटते. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावपासून त्यांनी काम उभे केले. पाणी जमिनीवर नाही, माणशी द्यायचे, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, उसाला पाणी नाही. सामुदायिक शिस्त जुनी, वाटणी नवी.

उसाचा उल्लेख आला म्हणून शेवटी एक सांगतो. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. त्यांच्या जोडीला मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणतात. आमचे वर्ष जूनला सुरू होत नाही, ते दसरा-दिवाळीला टोळी हलली की सुरू होते आणि पाडव्याच्या आगेमागे संपते. हंगामी वसतिगृहाच्या योजनेत मुले गावीच आजी-आजोबांजवळ राहतात आणि शाळेत जेवतात. ती आमच्याकडे रुजली, कारण म्हाताऱ्यांपाशी पोरे ठेवण्याची रीत मुळात होतीच. उलट २६ जानेवारीच्या ग्रामसभेला अर्धे गाव फडावर असते. त्या सभेत पाण्याचे जे ठरते ते माझ्या वडिलांना चैत्रात कळते. पावसाळा संपल्यावरचा पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडायचा, तर तो दसऱ्याला मांडावा. त्या संध्याकाळी सोने वाटायला सगळे पारावर येतात, आणि टोळ्यांचे ट्रॅक्टर अजून हललेले नसतात.