वय पाहू नकोस, पायऱ्या पाहा

बोलोन्या, इटली
१४ डिसेंबर २०२५

चि. ओंकार यास,


तुझी मेल मिळाली. आडवळण न घेता सरळ मुद्द्यावर आलास, हे मला आवडलं. किमी अँटोनेली अठराव्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये पोचला, तू पंधरा पूर्ण केलीस, म्हणजे हाताशी तीन वर्षं. म्हणून दहावी झाली की शिक्षण बाजूला ठेवून इटलीत एफ-फोर चालवायची. पैशासाठी तळेगावचा प्लॉट विकायला मी दादाला राजी करायचं, कारण तो माझं ऐकतो.

दादा माझं ऐकतो, म्हणूनच मी त्याला हे सांगणार नाही. कारण नीट वाच, मग हवं तेवढं भांड.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. या खेळावर माझं पोट चालतं. रेसिंगच्या गाड्यांचे कार्बन फायबरचे भाग करणाऱ्या कारखान्यात मी काम करते, तेव्हा 'हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे' असं माझ्या तोंडून येणार नाही. तुझे कार्टिंगचे व्हिडिओही मी बारकाईने पाहिले. वळणात शिरताना तू ब्रेक एकदम सोडत नाहीस, हळूहळू सोडतोस, त्यामुळे कार्टचं नाक आत राहतं. हे भल्याभल्यांना शिकवून येत नाही. वेग तुझ्यात आहे. माझं भांडण आहे तुझ्या हिशेबाशी.

तू किमीचं वय पाहिलंस, पायऱ्या पाहिल्या नाहीस. त्या आता बघ. २५ ऑगस्ट २००६ चा त्याचा जन्म, इथलाच, बोलोन्याचा. वडील मार्को स्वतः जीटी गाड्या पळवलेले आणि रेसिंगचा संघ चालवणारे. म्हणजे पोरगा गॅरेजमध्येच वाढला. मर्सिडीजने त्याला ज्युनियर कार्यक्रमात घेतलं तेव्हा तो अजून कार्ट चालवत होता. २०२० आणि २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षं तो कार्टिंगचा युरोपीय विजेता होता. एकदा जिंकल्यावर पुढे पळाला नाही, दुसऱ्यांदा तिथेच राहून पुन्हा जिंकला. एफ-फोरमध्ये किमान वय पंधरा. ते भरल्यावर २०२१ च्या शेवटच्या काही फेऱ्या त्याने प्रेमा या संघातून चालवल्या, त्याही सवय व्हावी म्हणून. पूर्ण हंगाम २०२२ मध्ये, आणि त्याच वर्षी इटलीची आणि जर्मनीची अशा दोन्ही एफ-फोर मालिका जिंकल्या. २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दुबई, कुवेत, अबुधाबी इथली फॉर्म्युला रीजनल मिडल ईस्ट जिंकली. तीही कुठल्या संघातून? मुंबई फाल्कन्स! हे तुझ्या मित्रांना जरूर सांग. मग त्याच वर्षी युरोपची फॉर्म्युला रीजनलही.

आता मोज. तू ज्याला 'अठराव्या वर्षी पोचला' म्हणतोस, त्यामागे इथवरच्या प्रत्येक पायरीवर जेतेपद आहे, आणि प्रत्येक जेतेपदामागे त्याच्या प्रगतीचा हिशेब ठेवणारी माणसं आहेत. अठरा हा आकडा त्यातून शेवटी निघाला. तू तोच आकडा आधी लिहून बाकीचं गणित त्यात बसवायला निघाला आहेस.

'पण त्याने एफ-थ्री गाळलीच की!' हे तू म्हणणार, ठाऊक आहे. गाळली. २०२४ मध्ये तो थेट एफ-टूमध्ये आला. काय झालं बघ. एफ-फोरच्या गाडीत साधारण १८० अश्वशक्ती, रीजनलमध्ये २७०, आणि एफ-टूत ६०० च्या वर. त्यात टायर गरम करायची ब्लँकेट नाहीत. तवा तापल्याशिवाय भाकरी टाकली तर चिकटते आणि फार तापला तर करपते, तसंच त्या पिरेलीच्या टायरचं. पिटमधून बाहेर पडल्यावर पहिल्या फेरीत किती तापवायचे, हे चालकाने हाताने आणि बुडाने ओळखायचं. सराव फक्त ४५ मिनिटांचा, पात्रता फेरी ३० मिनिटांची. त्यात त्या वर्षी सगळ्यांनाच दलाराची नवी गाडी मिळालेली आणि एरवी अव्वल असलेल्या प्रेमाला ती लवकर उमगली नाही. किमीने सिल्व्हरस्टोनला पावसात स्प्रिंट जिंकली, हंगेरीत मुख्य शर्यत जिंकली, पण हंगाम संपला तो सहाव्या क्रमांकावर. जेतेपदांची सवय झालेल्या मुलाला हे पचवावं लागलं. म्हणजे गाळलेल्या पायरीची किंमत त्यानेही मोजली. फरक एवढाच की ती मोजताना मर्सिडीज त्याला रेड बुल रिंगवर आणि इमोलाला फॉर्म्युला वनच्या जुन्या गाड्या चालवायला देत होती. तुला कोण देणार आहे?

मोंझाचं तू लिहिलंच नाहीस, तेव्हा मी लिहिते. ३० ऑगस्ट २०२४, शुक्रवार. मर्सिडीजच्या रसेलच्या गाडीत किमीचा पहिलाच अधिकृत सराव, तोही घरच्या प्रेक्षकांसमोर. पहिली वेगवान फेरी झकास. दुसऱ्या प्रयत्नात पॅराबोलिका वळणावर गाडीचा मागचा भाग सुटला आणि ती थेट टायरच्या भिंतीत. सराव सुरू होऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती. त्याने रेडिओवर माफी मागितली. आमच्या कारखान्यातल्या जेवणाच्या टेबलावर त्या दिवशी दुसरा विषय नव्हता आणि निम्म्या लोकांनी त्याला मोडीत काढला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मर्सिडीजने जाहीर केलं, हॅमिल्टनच्या जागी २०२५ ला हाच. संघप्रमुख टोटो वोल्फचं म्हणणं असं की वेगवान पोराला आवरता येतं, मंद पोराला वेगवान करणं अवघड.

हे ऐकून 'म्हणजे आपटलं तरी चालतं' असा धडा घेऊ नकोस. त्या शनिवारचा निर्णय शुक्रवारच्या दहा मिनिटांवर झालाच नव्हता. तो कित्येक वर्षांच्या वहीवर झाला होता. म्हणून एक दिवस वाईट गेला तरी खातं बुडालं नाही. तुझ्या नावावर तशी वही अजून नाही. उद्या प्लॉट विकून घेतलेल्या सीटवर तू आपटलास, तर तुझ्याकडे कुणी त्या नजरेने पाहणार नाही. मोडलेल्या पुढच्या पंखाचं बिल तेवढं दादाच्या हातात ठेवतील.

यंदाचा त्याचा हंगाम तर तू पाठ केला असशील. मेलबर्नला सोळाव्या जागेवरून चौथा, मायामीला स्प्रिंटची पोल, कॅनडात तिसरा. २००९ च्या जपानमधल्या ट्रुलीनंतर पोडियमवर चढलेला पहिला इटालियन. इथे लोकांनी गल्लीत हॉर्न वाजवले. पण त्याच्या आगेमागे बघ. इमोलाला वर्गमित्र पाहायला आले आणि गाडी बंद पडली. ऑस्ट्रियात पहिल्याच फेरीत वर्स्टापेनवर जाऊन आदळला. स्पाला दोन्ही पात्रता फेऱ्यांत पहिल्याच टप्प्यात बाहेर. कारण निव्वळ त्याच्यात नव्हतं. मर्सिडीजने इमोलाला मागचं सस्पेन्शन बदललं होतं, त्याने गाडीवरचा भरवसाच उडत होता. शेवटी हंगेरीत ते काढून टाकलं. त्याच गाडीत रसेलचं मात्र निभावत होतं, कारण अनुभवी माणूस बिघडलेल्या गाडीभोवतीही वाट काढतो.

इथे तुझ्या कामाची गोष्ट आहे. गाडी वाईट असली की नवखा चालक दोन गोष्टी करतो. एक तर सगळा दोष स्वतःकडे घेऊन स्टीअरिंगशी झटत बसतो, नाही तर 'गाडीच खराब' म्हणून मोकळा होतो. दोन्हीतून इंजिनिअरला काहीच कळत नाही. त्याला हवं असतं ते असं: 'तिसऱ्या वळणात ब्रेक सोडल्यावर मागचा भाग हलका होतो, गॅस दिला की सावरतो.' हॅमिल्टनचा इंजिनिअर पीटर बॉनिंग्टन किमीला का दिला असेल, याचा विचार कर. मुलाला बोलतं करणारा माणूस हवा होता. पुढे बाकूला चौथा, ब्राझीलमध्ये दुसरा, लास वेगासला सतराव्या जागेवरून तिसरा. हंगामाअखेर १५० गुण आणि सातवा क्रमांक.

आणि दोन आठवड्यांपूर्वीचं कतार. शेवटून दुसऱ्या फेरीत पाय घसरावा तशी गाडी बाहेर गेली आणि नॉरिस पुढे निघाला. लगेच रेड बुलकडून 'मुद्दाम जाऊ दिलं' असा सूर निघाला आणि समाजमाध्यमांवर इतकी घाण आली, की रेड बुलला खेद व्यक्त करणारं निवेदन काढावं लागलं. एकोणीस वर्षांचं पोर ते! तू प्रत्येक कॉमेंटला उत्तर देत बसतोस, हे मला वहिनीने सांगितलंय. ते आजच बंद कर.

आता शिक्षण. जून-जुलैमध्ये, म्हणजे नेमका त्याच्या पडत्या काळात, या मुलाने इटलीची मातुरिता दिली. आपल्या बारावीसारखी शाळा सोडतानाची परीक्षा. कॅनडाचा पोडियम झाला आणि पुढे अभ्यासाला बसला. पासही झाला. ज्याच्या हातात मर्सिडीजचा करार आहे त्याने परीक्षा दिली, आणि तू कराराच्या आशेवर ती सोडणार? शिवाय आजची गाडी डेटावर चालते. ब्रेकचा दाब, स्टीअरिंगचा कोन, थ्रॉटल यांच्या रेषा एकावर एक ठेवून संघातला दुसरा चालक कुठे वेळ काढतो हे वाचायचं असतं. आलेख वाचता येत नसेल तर ट्रॅकवर बसून तो येणार नाही.

पैशाचं बोलायलाच हवं. इटलीत एफ-फोरचा एक नीट हंगाम लाखो युरोंचा, एफ-टूचा त्याच्या कितीतरी पट. प्लॉटमधून फार तर एक वर्ष निघेल. दुसऱ्या वर्षाचं काय? आपल्या मुंबईच्या जेहान दारूवालाकडे बघ. प्रेमाच्या गाडीत एफ-थ्रीमध्ये तिसरा, रेड बुलच्या ज्युनियर संघात, एफ-टूचे चार हंगाम, मोंझाला विजय. एवढं करूनही फॉर्म्युला वनची सीट मिळाली नाही, तो फॉर्म्युला ईकडे गेला. त्याच्यात काही कमी होतं म्हणून नव्हे. तेव्हा जागा वीस होत्या आणि दार ठोठावणारे शेकड्याने. इटलीचंच घे. मोंझा, इमोला, दलारा, ततुस, पिरेली सगळं ज्यांच्या अंगणात, त्या देशाचा २०२१ च्या जोविनात्सीनंतर तीन हंगाम एकही चालक नव्हता. अस्कारीच्या १९५३ च्या जगज्जेतेपदानंतर दुसरं आलेलं नाही. त्यांची ही गत, तर आपण कागदावर तीन वर्षांचा हिशेब मांडायचा?

म्हणून माझं म्हणणं असं. मार्चपर्यंत दहावी एके दहावी, ट्रॅक फक्त रविवारी. त्यानंतर आणखी एक पूर्ण वर्ष कार्टिंग, आणि त्यात नुसत्या ट्रॉफ्या नकोत. प्रत्येक सत्रानंतर वही लिहायची. टायरचा दाब आधी किती, नंतर किती, हवा कशी होती, कुठल्या वळणात काय जाणवलं, काय बदललं, त्याने किती वेळ वाचला. आठवड्याला त्याचे फोटो मला पाठव, मी लाल पेन घेऊन बसेन. मे महिन्यात इकडे ये, तिकीट माझं. लोनातोच्या ट्रॅकवर तुला तुझ्याच वयाच्या इथल्या पोरांमध्ये सोडते. तिथे तू कितवा येतोस यापेक्षा तिसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा किती पुढे सरकलास, हे मी पाहीन.

तिथे प्रगती दिसली, तर त्या वर्षानंतर भारतातली एफ-फोर. २०२३ पासून आपल्याकडे ती रीतसर होते, मुख्यतः चेन्नईच्या ट्रॅकवर. परदेशात राहण्याचा खर्च नाही, पायरी तीच. तोवर प्रायोजक कसा शोधायचा हेही शिक. चाकण-पिंपरीत सुटे भाग करणारे इतके लोक आहेत, त्यांच्याकडे स्वतः जाऊन, दोन पानी माहिती हातात देऊन, नकार ऐकून ये. बाबांना पुढे करायचं नाही. तिथे ज्याला धीटपणे बोलता येतं, त्याला पुढे संघमालकाशीही बोलता येतं.

ही शर्त मान्य असेल तर मी तुझ्या बाजूने दादाशी बोलेन, आणि ठामपणे बोलेन. नसेल तर तेही सरळ लिही, राग येणार नाही. पहिल्या वहीची वाट बघते, अक्षर मात्र वाचता येईल असं काढ.

आईबाबांना नमस्कार सांग. आजीच्या गुडघ्याचं काय झालं ते कुणीच कळवत नाही, तू तरी कळव.

तुझी,
आत्या