अर्धाच विश्वास असेल तर?

आजचं वाचन: मार्क ९:१४-२९



आजचा उतारा आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय. तरीही पुढे जाण्याआधी बायबल उघडा आणि ही सोळा वचनं सावकाश वाचा. या वेळी लक्ष मुलावर नको, शिष्यांवरही नको. त्या बापाकडे बघा.

हा बाप थकलेला आहे. मुलाला लहानपणापासून त्रास आहे. तो आत्मा त्याला कधी विस्तवात टाकतो, कधी पाण्यात. किती रात्री या माणसाने जागून काढल्या असतील! आज तो मोठ्या आशेने मुलाला घेऊन आला, पण येशू डोंगरावर होता. शिष्यांनी प्रयत्न केला, त्यांना जमलं नाही. मग शास्त्री आणि शिष्य यांचा वाद सुरू झाला, भोवती गर्दी जमली, आणि मुलगा मात्र होता तसाच राहिला.

म्हणून येशू समोर आल्यावर हा बाप ठामपणे काही मागत नाही. तुला काही करता येत असेल तर कर, असं म्हणतो. हा ‘तर’ देवाला न मानणाऱ्याचा नाही. एकदा आशा धरून निराश झालेल्या माणसाचा आहे. आपल्यापैकी किती जणांच्या प्रार्थनेत हा ‘तर’ लपलेला असतो, नाही का? नोकरी गेली, लग्न मोडलं, परीक्षेत तिसऱ्यांदा अपयश आलं, मंडळीतल्या माणसांनीच मन दुखावलं. त्यानंतर प्रार्थना चालू राहते, पण जपून, हातचं राखून.

येशू तो ‘तर’ बरोबर पकडतो. विश्वास ठेवणाऱ्याला सगळं शक्य आहे, असं सांगतो. आणि बाप तिथल्या तिथे ओरडतो की माझा विश्वास आहे, पण जिथे तो नाही तिथेही मला मदत कर. सगळ्या गर्दीसमोर त्याने हे कबूल केलं! या ओळींवर मी आठवडाभर थांबलोय. तीन गोष्टी तुमच्यासोबत वाटून घेतो.

पहिली गोष्ट. बावीसाव्या वचनात बाप मुलासाठी मदत मागतो आणि चोविसाव्यात आपल्या अविश्वासासाठी. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे ‘मदत कर’ याला एकच क्रियापद आहे. म्हणजे जसा मुलाचा आजार येशूपुढे आणला, तशीच स्वतःची शंकाही आणली. आपण काय करतो? आजार प्रभूकडे आणतो, शंका मात्र घरी ठेवून येतो.

दुसरी गोष्ट. आधी विश्वास पूर्ण कर, मग ये, असं येशू म्हणत नाही. तो त्या अर्ध्या विश्वासावरच मुलाला मोकळं करतो. हीच कृपा! इफिस २:८ मध्ये पौल सांगतो की तारण हे देवाचं दान आहे, आपली कमाई नाही. मग विश्वासाचीही कमाई का करून ठेवायची? वाशीच्या खाडीपुलावरून लोकल जाते तेव्हा एक जण निवांत मोबाइल बघत असतो, दुसरा खाली पाणी बघून घाबरलेला असतो. पूल दोघांनाही सारखाच पलीकडे नेतो. धीर कमी-जास्त असेल, पण भार पुलावर असतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात अवघड गेली. येशूने आज्ञा केल्यावर मुलगा आधी जास्तच वाईट दिसला. तो मेला, असं लोक म्हणू लागले. मग येशूने त्याचा हात धरून त्याला उठवलं. प्रार्थना आणि उत्तर यांच्यामध्ये असाही एक क्षण येऊ शकतो.

मी अशाच एका क्षणात आहे. आईची केमो चालू आहे, पुढचा स्कॅन याच महिन्यात आहे. विश्वास वाढव म्हणजे ती बरी होईल, असं काही जण प्रेमानेच सांगतात. पण ते ऐकून वाटतं, आईचं आयुष्य माझ्या विश्वासाच्या टक्क्यांवर टांगलंय की काय? हा उतारा मला त्या ओझ्यातून सोडवतो. रिपोर्ट कसा येईल ते मला माहीत नाही. हात कोणी धरलाय, ते माहीत आहे.

आपल्या महाराष्ट्रातलीच एक साक्ष आठवते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला. त्यानंतरही त्रैक्यासारख्या शिकवणीवर त्या उघडपणे प्रश्न विचारत राहिल्या. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं, ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण स्वतः ख्रिस्त अजून मिळाला नव्हता. त्या आठ वर्षांत प्रभूने त्यांना दाराबाहेर उभं केलं नाही. १८८९ मध्ये शारदा सदन सुरू झालं ते याच काळात. पुढे केडगावचं मुक्ती मिशन आणि मराठी बायबलचं भाषांतर, हे सगळं त्याच प्रश्न विचारणाऱ्या बाईच्या हातून झालं.

आज एवढंच करा. तुमच्या मनातला तो ‘तर’ एका कागदावर लिहा, कुणालाही न दाखवता. मग तो कागद समोर ठेवून मोठ्याने प्रार्थना करा. सुंदर शब्द शोधू नका. त्या बापाची प्रार्थनाही एका वाक्याचीच होती.

चला, प्रार्थना करू या.

प्रभू येशू, आमच्याजवळ आहे तेवढा विश्वास घेऊन आम्ही आलोय. भीतीही सोबत आणली आहे. जे कमी आहे ते तू तुझ्या कृपेने भर. उत्तर उशिरा आलं किंवा आम्हाला हवं तसं आलं नाही, तरी आमचा हात सोडू नकोस. आमेन.