नाताळच्या गाण्यांची जन्मकथा

डिसेंबर उजाडला की आपल्या बालवर्गात 'जिंगल बेल्स' घुमू लागते. लाल टोप्या घालून गॅदरिंगमध्ये नाचायला ते सोपे. पण त्याचा अर्थ कधी पाहिलात का? त्यात नाताळाचे नाव नाही, येशूचेही नाही. बर्फावरून घोड्याने ओढायची घसरगाडी, तिची धाव आणि ती उलटल्यावर झालेली फजिती, एवढाच विषय! जेम्स पिअरपॉन्ट या अमेरिकन संगीतकाराचे हे गाणे १८५७ साली बोस्टन शहरात छापले गेले. नाताळाशी त्याची गाठ नंतर पडली. १६ डिसेंबर १९६५ रोजी जेमिनी-६ यानातील अंतराळवीरांनी ते माउथ ऑर्गन आणि छोट्या घंटांवर थेट अंतराळात वाजवले.

काही गाणी मात्र खास नाताळासाठीच, आणि तीही शिक्षकांच्या हातून झाली. जगभर गायल्या जाणाऱ्या 'सायलेंट नाइट'चे मूळ शब्द जर्मन आहेत. ते योसेफ मोर या तरुण धर्मगुरूने १८१६ मध्ये लिहिले. चाल दिली फ्रान्झ ग्रुबर यांनी. ते ऑस्ट्रियातील एका खेड्यातले शाळामास्तर! २४ डिसेंबर १८१८ च्या रात्री ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये दोघांनी ते गिटारवर प्रथम गायिले. अमेरिकेतील डोनाल्ड गार्डनर या संगीतशिक्षकांनी १९४४ मध्ये दुसरीच्या मुलांना विचारले, नाताळाला काय हवे? मुले बोलू लागली तेव्हा लक्षात आले, बहुतेकांचे पुढचे दात पडलेले! त्यावरूनच दोन दात मागणाऱ्या मुलाचे गाणे तयार झाले. दुसरीच्या बाईंना हे चित्र नवे वाटणार नाही.

आता आपल्या मराठीकडे वळू. सुरुवातीची बरीच मराठी ख्रिस्ती गीते इंग्रजी चालींवर बेतलेली असत. चाल परकी, म्हणून शब्द ओढावे लागत. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग, ओवी आणि भजनाची वाट धरली. हेच ते 'केवढे हे क्रौर्य' या कवितेचे कवी. 'फुलामुलांचे कवी' म्हणून त्यांना ओळखतात. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण तुकोबांची गोडी सोडली नाही. त्यांची पदे 'उपासना संगीत' या संग्रहात आहेत आणि मराठी चर्चमधून आजही गायिली जातात. टाळ, मृदंग, पेटी घेऊन ख्रिस्ती कीर्तनेही अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागात होत.

पालकहो, आपल्या बिदर–कलबुर्गी सीमाभागात शाळेबाहेर पाऊल टाकताच मुलांच्या कानावर कन्नड, उर्दू, हिंदी पडते. मराठी गाण्याची हक्काची जागा म्हणजे घर आणि शाळा. रामनवमीला दुपारी आणि गोकुळाष्टमीला मध्यरात्री पाळणा म्हणणाऱ्या घरांना बाळजन्माचे गाणे शिकवावे लागत नाही. येशूजन्माचे पाळणेही मराठीत आहेत. मग आमच्या रंगमंचावर फक्त न पाहिलेल्या बर्फाचेच गाणे का?

बालवर्गाची घंटा वाजू द्या, ती त्यांना आवडते. पाचवी ते सातवीसाठी मात्र यंदा टिळकांचे एक पद आणि एक पाळणा बसवावा, अशी विश्वस्त मंडळाला विनंती आहे. खर्च काहीच नाही. पेटी शाळेत आहे. पाळणा म्हणणाऱ्या आजी, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत, शनिवारी सकाळच्या शाळेत तासभर आल्या तर चाल दोन आठवड्यांत बसेल.