वाढत्या हाताची मूठ

मुलांसाठी काहीही घेताना एक माप मोठं घ्यायची आपल्याकडे रीत आहे. गणवेश असो, बूट असोत की सायकल. दुकानदार 'वाढतं अंग आहे' म्हणतो आणि आपण मान डोलावतो. नेमबाजीच्या पिस्तुलाची मूठ घेताना ही रीत बाजूला ठेवावी. मोठ्या मुठीनं सराव तर वाया जातोच, वर अंगठ्याच्या बुडाशी दुखणं लागतं. माझ्या मुलीच्या बाबतीत हे सगळं झालं. तेव्हापासून रेंजवर कुणी पालक 'कोणती ग्रिप घेऊ?' असं विचारत आले की मी त्यांना जे सांगतो, ते इथं लिहितो आहे.

आम्ही कोल्हापूरचे. नोकरीतल्या बदलीनं चेन्नईला आलो आणि वेस्ट मांबलममध्ये, अयोध्या मंडपमच्या मागच्या अंगाला बिऱ्हाड केलं. कोल्हापूरच्या माणसाला नेमबाजीचं वेड समजावून सांगावं लागत नाही. 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवणारी राही सरनोबत आमच्याकडचीच. 2024 ला पॅरिसमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये ब्राँझ आणलं, मनू भाकरनं पिस्तुलात दोन आणली, आणि आमच्या मुलीचा नेमबाजीचा हट्ट पुरा करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. त्याच ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचचा खिशातला हात जगभर गाजला. रेंजवरची मंडळी मात्र त्याचा पिस्तूल धरलेला दुसरा हात बघत होती.

नवं पिस्तूल परवडणारं नव्हतं. क्लबातल्या एका थोरल्या मुलीचं वापरलेलं कॉम्पॅक्ट एअर पिस्तूल मिळालं. कॉम्पॅक्ट म्हणजे नळी आणि हवेचा सिलिंडर आखूड, वजन कमी. स्टायरचं एव्हो 10 कॉम्पॅक्ट, मोरिनीचं 162 शॉर्ट, फाइनवर्कबाऊचं पी8एक्स शॉर्ट ही याच जातीतली. लहान चणीच्या नेमबाजांना ती बरी पडतात. (4.5 मिलिमीटरच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या हवाई शस्त्राला आपल्याकडे परवाना लागत नाही. परवान्याच्या पिस्तुलाला हात लावायचा तर तो परवानाधारक कारागिरानंच, घरी नाही.) अडचण एकच होती. ती थोरली मुलगी डावखुरी. एअर पिस्तुलाची मूठ हाताच्या खोबणीबरहुकूम कोरलेली असते, त्यामुळे डाव्या हाताची मूठ उजव्याला निरुपयोगी. पिस्तूल आलं आणि पाठोपाठ मुठीचा शोध सुरू झाला.

ज्या विक्रेत्याशी फोनवर बोलणं झालं त्यानं मुलीचं वय विचारलं, हाताचं माप विचारलं नाही. "तेरा वर्षांची? मीडियम घेऊन टाका साहेब, स्मॉल सहा महिन्यांत लहान पडेल." मूठ आली. अक्रोडाचं लाकूड, सुबक काम, बघत राहावी अशी. मुलीनं हातात घेतली आणि म्हणाली, "बाबा, बोट पोचत नाही." पोचत होतं, पण नखाच्या टोकापर्यंतच. ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर, त्याचा मांसल मधला भाग बसला पाहिजे, आणि ओढ सरळ मागे आली पाहिजे. टोकानं ओढलं की बोट ट्रिगरला बाजूला ढकलतं. ते टाळायला मुलगी नकळत हात मुठीभोवती फिरवून घ्यायची. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी लाकडाच्या पाठीवर बरोबर मधोमध बसेना, मनगट वाकडं व्हायचं आणि तासाभरात अंगठ्याचं बूड ठणकू लागायचं.

एवढ्याशा फरकानं काय होतं, असं वाटतं खरं. हिशेब करून बघा. एअर पिस्तुलाच्या, नेम धरायच्या मागच्या आणि पुढच्या साइटमधलं अंतर साधारण 32 सेंटिमीटर धरा. लक्ष्य 10 मीटरवर. साइट एकमेकींपासून एक मिलिमीटर हलल्या तर लक्ष्यावर छर्रा तीन सेंटिमीटरांहून जास्त सरकतो. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं, आणि पुढची प्रत्येक कडी आठ मिलिमीटरांची. म्हणजे मधोमध लागायचा छर्रा थेट सातच्या आसपास. कॉम्पॅक्टमध्ये साइटमधलं अंतर आणखी कमी, म्हणून चूक आणखी मोठी दिसते. मुठीत हात डळमळत असेल तर साठ छर्ऱ्यांपैकी किती दहावर जातील, ते तुम्हीच ठरवा.

मूठ हाताला बसते का हे बघायची आमच्या प्रशिक्षक सरांची परीक्षा साधी आहे. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करायची, सिलिंडर काढायचा, नळीत सेफ्टी फ्लॅगची दोरी घालायची. मग लक्ष्यासमोर उभं राहून डोळे मिटायचे, नेहमीसारखा हात उचलायचा, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. पुढची साइट मागच्या खाचेत आपसूक मधोमध दिसली तर मूठ तुमची. डावीउजवीकडे दिसली तर मूठ फिरलेली आहे, वरखाली दिसली तर तिचा कल चुकलेला आहे. हे पुन्हा पुन्हा करून बघायचं, कारण पहिल्या वेळी हात लबाडी करतो. आमच्या मुलीची पुढची साइट दर वेळी खाचेच्या एकाच कडेला चिकटलेली दिसे. सरांनी काही न बोलता मूठ उलटीपालटी करून बघितली आणि आतल्या बाजूला कोरलेलं 'एम' मला दाखवलं.

विक्रेत्याकडे परत करायला गेलो तर डबा फोडलेला म्हणून नकार. पावतीवर तशी अट छापलेली होती, बारीक अक्षरात. मग आली लांबी.

इपॉक्सीची किंवा लाकडाची लांबी भरून मूठ हाताजोगी करणं हा नेमबाजांचा जुना उद्योग आहे आणि तो करण्यात काही वावगं नाही. पण तो मापाला जवळ असलेल्या मुठीवर करायचा असतो. आधी मूठ पिस्तुलापासून सोडवावी. भुसा ट्रिगरच्या यंत्रात गेला की दुरुस्तीचा खर्च मुठीपेक्षा मोठा. लांबी थोडी लावावी, वर पातळ प्लॅस्टिक पसरून हात दाबून धरावा, पूर्ण वाळू द्यावी, मग पॉलिश पेपरनं घासावी. एका वेळी एकच जागा. तळहाताचा खळगा आधी भरावा, बोटांच्या खाचा शेवटी. तर्जनीच्या बाजूला मात्र भर घालू नये: ट्रिगरवरचं बोट लाकडाला कुठेच टेकता कामा नये, मधून उजेड दिसला पाहिजे. आम्ही खळगा भरला, तरी साइट मधोमध येईना, म्हणून मूठ आणि पिस्तुलाचा सांगाडा यांच्यामध्ये लाकडाची पातळ पाचर बसवली. साइट आली मधोमध. घरात आनंदीआनंद.

त्यानंतरच्या स्पर्धेत सामान तपासणीच्या टेबलावर पिस्तूल पेटीत घातलं गेलं. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे एअर पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे, वजन दीड किलोच्या वर नको, ट्रिगरचा ताण किमान 500 ग्रॅम हवा. वजन झालं, ताण झाला, पेटीत मात्र ते अडकलं. पाचरीनं मूठ तिरपी झाली होती आणि तळहाताखालची फळी, जिला सगळे पाम शेल्फ म्हणतात, तिची कड बाहेर आली होती. 50 मिलिमीटरमध्ये ती बसेना. तपासणारे गृहस्थ भले होते, म्हणाले, वेळ आहे, घासून आणा. कुणाची तरी कानस मागून घेतली. मुलगी भिंतीकडे तोंड करून मुकाट बसलेली, आणि मी नव्या कोऱ्या अक्रोडाचा कीस काढतोय. पिस्तूल पेटीत बसलं, पण त्या दिवशीच्या गुणांबद्दल न बोललेलं बरं.

नियमांचा हा भाग कुणी विकताना सांगत नाही, म्हणून सांगतो. मनगट स्पष्ट मोकळं दिसलं पाहिजे, मुठीचा कुठलाही भाग हाताच्या मागे जाऊन त्याला आधार देता कामा नये. मुठीनं हाताला वेढा घालायचा नाही, अंगठा वर उचलायला मोकळा हवा. पाम शेल्फ वर वळवून हाताला कवेत घेणारी करायची नाही. शेल्फ खालून फक्त टेकावी, चिमटा घेऊ नये. चिमटा बसला तर पंधरा मिनिटांत बोटं बधिर होतात. बदल केल्यावर पुठ्ठ्याची पेटी करून घरीच माप घ्या. पाऊण तासाचं काम आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक आसारी, म्हणजे सुतार, बसतात. नवरात्रात कोलूच्या, म्हणजे बाहुल्या मांडायच्या, पायऱ्या करून देणारे, एरवी दारंखिडक्या. कीस काढून ओबडधोबड झालेली शेल्फ नीट करायला मी मूठ त्यांच्याकडे नेली. पिस्तूल नाही, नुसता लाकडी भाग. त्यांनी ती उजेडात धरली, अंगठा सगळ्या वळणांवरून फिरवला आणि विचारलं, "सार, हात कुणाचा?" मुलीला बोलावून आणलं. त्यांनी तिचा तळहात उलटासुलटा करून पाहिला, मूठ पाहिली, आणि मान हलवून म्हणाले की एवढं लाकूड काढलं तर आतली भोकं उघडी पडतील. कड मात्र त्यांनी अशी साफ करून दिली की कानशीची खूण शोधावी लागते. ज्या प्रश्नानं विक्रेत्यानं सुरुवात करायला हवी होती, तो सुताराच्या दुकानात विचारला गेला, याचं मला अजून नवल वाटतं.

शेवटी स्मॉल घेतली. या वेळी माप देऊन. हात कागदावर सपाट ठेवायचा, बोटं किंचित फाकवायची, पेन्सिल उभी धरून बाह्यरेषा काढायची. पेन्सिल तिरकी झाली की हात जाडा येतो. जर्मनीतल्या रिंकसारखे मूठ बनवणारे अशी बाह्यरेषा मागवून घेतातच. मोरिनीची ओळखही आधी मुठींमुळेच झाली, पिस्तुलं मागाहून आली. मागवताना पिस्तुलाचं मॉडेल पूर्ण लिहा, उजवा की डावा ते लिहा, आणि एका कंपनीचं स्मॉल दुसरीच्या स्मॉलएवढं असेल असं धरून चालू नका. दोन मापांच्या मध्ये हात असेल तर लहान घ्या. लहान मुठीत बोटांची टोकं तळहातात रुतत नसतील आणि ट्रिगरवर पेर नीट बसत असेल, तर ती बरोबर आहे. मुलगी वाढली की शेल्फ खाली सरकवता येते, बहुतेक मुठींना तेवढी जागा असते. आणि पुढे मूठ खरंच लहान पडली तर क्लबात घेणारं दुसरं मूल असतंच.

चेन्नईपुरतं एक. इथल्या दमट हवेत चकचकीत वार्निशची मूठ घामानं निसटते. रवाळ पोताची, नुसतं जवसाचं तेल दिलेली मूठ जास्त चांगली. सरावानंतर ती कोरड्या फडक्यानं पुसावी, आणि ओली मूठ पेटीत बंद करून ठेवू नये.

मूठ घेण्याआधी मुलाला रेंजवर न्या आणि तिथल्या तीनचार जणांच्या मुठी, त्यांच्या परवानगीनं, डोळे मिटून धरून बघायला सांगा. विक्रेत्याकडून माप बसलं नाही तर परत घेण्याचं पावतीवर लिहून घ्या, आणि तो लिहून देत नसेल तर दुसरा विक्रेता शोधा.