अलार्म बसवून देणारा नंतर ओळख दाखवत नाही

"गाडी उभी असताना अलार्म बॅटरी खात नाही, काका. बिनधास्त राहा." दुकानदाराचे हे शब्द मला अजून तोंडपाठ आहेत. मी मुद्दाम विचारलं होतं, कारण पावसाळ्यात माझी गाडी पार्किंगमध्ये आठवडेच्या आठवडे उभी असते.

बॅटरी उतरली. सर्व्हिस सेंटरने नवी घालायला लावली, तीही उतरली. माझ्या इंजेक्शनच्या गाडीला किक नाही आणि ढकलून चालू करायची म्हटलं तरी पेट्रोलच्या पंपाला करंट हवाच. सर्व्हिससाठी बॅटरीची वायर काढली, तर सायरन आतल्या सेलवर बोंबलायला लागला. "बाहेरचं काम केलंय, आता वायरिंगची वॉरंटी विसरा," असं तिथल्या सुपरवायझरने सगळ्यांदेखत सुनावलं.

खरं काय ते ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने दाखवलं. इग्निशन बंद, अलार्म चालू. त्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून टर्मिनल आणि वायर यांच्यामध्ये मीटर लावला. काटा 25 मिलिअँपिअरवर. अलार्मचा कपलर उपसला आणि काटा जवळजवळ शून्यावर आला. म्हणजे दिवसाला 0.6 अँपिअर-तास. 9 अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी पंधरा दिवसांत रिकामी, आणि सेल्फ तर त्याच्या कितीतरी आधीच मान टाकतो. सीटखाली पाहिलं तर कंपनीच्या वायरी ब्लेडने सोलून नुसत्या पिळल्या होत्या. टेप चिकट होऊन सुटलेली, आतलं तांबं हिरवं पडलेलं. सोल्डर नाही, फ्यूज नाही.

फोटो घेऊन दुकानात गेलो. "तुम्ही गाडी वापरत नाही, त्याला मी काय करू?" म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. पैसे घेताना हाच माणूस चहा मागवत होता!

गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर अलार्मचा कपलर किंवा फ्यूज काढा. काही अलार्ममध्ये इंजिन बंद पाडणारा रिले असतो. कपलर काढल्यावर गाडी चालू होते का, हे आधी घरीच पाहून घ्या. बॅटरी काढायची तर अलार्म रिमोटने बंद करून आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह, बसवताना उलट. सायरनला स्वतःचा सेल आणि किल्ली असेल, तर तोही बंद करा, नाहीतर रात्री सोसायटी तुमच्या दारात. काही तास चार्जर न लावता ठेवलेली बॅटरी 12.4 व्होल्टच्या खाली दिसली की चार्ज करा. करंट मोजायला मीटर टर्मिनल आणि वायर यांच्यामध्ये लावलेला असताना इग्निशन किंवा सेल्फला हात लावू नका, मीटरचा फ्यूज उडतो. रिमोटचा सेल वेळेवर बदला. गाडी कोरड्या जागी ठेवा, कव्हर घाला, हे तर सगळेच सांगतात.

सर्व्हिसला देताना अलार्म बंद कसा करायचा ते जॉब कार्डावर लिहायला लावा. तोंडी सांगितलेलं मेकॅनिकपर्यंत पोचत नाही.

आणि नवा अलार्म घेणार असाल, तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी बिलावर मागा: उभ्या गाडीत तो किती करंट खातो, त्याचा फ्यूज कुठे आहे आणि कुठल्या वायरी कापणार. लिहून द्यायला कां कूं करणाऱ्याच्या हातात गाडीची किल्ली देऊ नका.