'पाइप' म्हणणारे मूल

शाळेतील वर्णद्वेष म्हटला की छडी किंवा शिवी डोळ्यांपुढे येते. इंग्लंडमधील वेस्ट इंडियन मुलांच्या वाट्याला तो बहुतांशी कागदावरून आला, आणि तोही गोड शब्दांत. समाजशास्त्राच्या तासाला सरांनी बर्नार्ड कोर्ड यांच्या १९७१ च्या पुस्तिकेचा उल्लेख केला व मागाहून आपली प्रतही वाचावयास दिली. प्रस्तुत लेख त्या वाचनातून झाला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद इत्यादी बेटांवरून अनेक कुटुंबे कामासाठी इंग्लंडला गेली. बसगाड्या, इस्पितळे, कारखाने यांत आईबाप राबू लागले. मुले शाळेत गेली आणि त्यांपैकी कित्येकांवर 'शैक्षणिकदृष्ट्या अवसामान्य' असा शिक्का बसून ती वेगळ्या शाळांत धाडली गेली. १९६७ च्या सुमारास लंडनच्या साध्या शाळांत स्थलांतरितांची मुले सुमारे १५ टक्के होती. या वेगळ्या शाळांत मात्र सुमारे २८ टक्के, आणि त्यांतही बहुसंख्य वेस्ट इंडियन. तेथून साध्या शाळेत परत येणारे मूल विरळाच.

कोर्ड मूळचे ग्रेनाडाचे. अशाच शाळांत त्यांनी स्वतः शिकवले होते. बुद्धिमापन चाचणीचे त्यांनी दिलेले एक उदाहरण मला फार बोलके वाटते. नळाला इंग्रज 'टॅप' म्हणतात, वेस्ट इंडियन घरांत त्याला 'पाइप' म्हणतात. नळ म्हणजे काय हे मुलाला नीट ठाऊक असूनही त्याचा गुण जाई. आपल्यापैकी ज्यांच्या घरी 'पानी' म्हणतात त्यांना हे निराळे सांगायला नको. आपल्याकडे वर्ग हसतो आणि तेवढ्यावर निभावते. तेथे मुलाची शाळाच बदलत असे.

बरे, शिक्षक सगळे दुष्ट होते काय? तसे नव्हे. वेस्ट इंडियन मुलांच्या पिछाडीची चौकशी करणाऱ्या रॅम्प्टन समितीने १९८१ मध्ये म्हटले की शिक्षकांतील वंशवाद पुष्कळदा नकळत असतो. मला हा नकळतपणाच अधिक अवघड वाटतो. वंश आणि जात एक नव्हेत हे मान्य करूनही येथे बाबासाहेबांचे बालपण आठवते. सातारच्या शाळेत त्यांना नळाला हात लावता येत नसे. शिपायाने नळ उघडला तरच पाणी. ती बंदी उघड होती, तिच्याकडे बोट दाखवता येत होते. 'मुलाच्या हितासाठी' म्हणून आलेल्या शेऱ्याकडे बोट कसे दाखवायचे?

त्यातून त्या आईबापांना सांगितले जाई की मुलाला 'स्पेशल' शाळेत जागा मिळाली आहे. 'स्पेशल' म्हणजे अधिक चांगली, असे अनेकांना वाटले. ते मूर्ख नव्हते. शाळेचा कागद खोटे सांगणार नाही, हा विश्वास ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात येते त्या घरांना पुरेपूर परिचित आहे. माझ्या प्रगतिपुस्तकावर वडिलांनी वर्षानुवर्षे न वाचता सही केली.

ही समजूत मोडली ती एकट्यादुकट्याच्या तक्रारीने नव्हे. पालक एकत्र आले; कोर्डांची पुस्तिका निघाली तीही अशाच पालक-कार्यकर्त्यांच्या पाठबळावर. जॉन ला रोज यांनी १९६९ मध्ये उत्तर लंडनमध्ये जॉर्ज पॅडमोर पूरक शाळा सुरू केली होती. अशा अनेक शाळा पुढे शनिवारी भरू लागल्या. वाचन, गणित आणि आपला इतिहास हे विषय त्यांत शिकवले जात. पालकांनी शाळेत वरचेवर जावे, शिक्षकांना भेटावे, आणि मुलाशी घरी बोलत राहावे, असा कोर्डांचा आग्रह होता. यातले शेवटचे सर्वांत सोपे दिसते, पण रात्रपाळी करणाऱ्या आईला ते सोपे नसणार.

'अवसामान्य' ही वर्गवारी १९८१ च्या शिक्षण कायद्याने रद्द झाली. पण तोवर दहा-पंधरा वर्षांची मुले मोठी होऊन कामाला लागली होती. त्यांची कथा स्टीव्ह मॅक्वीन यांनी २०२० मध्ये 'एज्युकेशन' या चित्रपटात मांडली.

कोर्डांची पुस्तिका आपल्या ग्रंथालयात नाही. सरांची प्रत मला परत करावयाची आहे, तेव्हा ग्रंथपालांनी एखादी मागवावी ही विनंती.